वहिनी उभ्या आहेत, मग व्हिडिओत दादा कशाला?

"ताई, मी 27 वर्षांचा आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, साखरपुडे, डोहाळजेवणं, वाढदिवस अशी कामं करतो. आमच्या नगरपंचायतीची निवडणूक तोंडावर आली आहे. आमचा वॉर्ड महिलेसाठी राखीव सुटला आणि इथल्या एका दादांनी वहिनींना उभं करायचं ठरवलंय. प्रचाराच्या सगळ्या व्हिडिओंचं काम ते मला देतायत. पण प्रत्येक व्हिडिओत त्यांना स्वतःच हवे आहेत. गाडीतून उतरणार, स्लो मोशन, मागे दणदणीत म्युझिक. वहिनींनी शेवटी हात जोडायचे, बस. दुसरं असं, की दादांचे वडील गावचे जुने सरपंच होते, ते वारले. एआय वापरून त्यांच्या तोंडून सुनेला आशीर्वाद द्यायचाय. तिसरं म्हणजे समोरच्या उमेदवार, ज्या आत्ताच्या नगरसेविका आहेत, त्यांची सभेतली क्लिप 'जरा कापून' फिरवायची आहे. त्या माझ्या आईची चुलत बहीण, म्हणजे माझी मावशीच. पैशांचं विचारलं तर दादा म्हणतात, निकालानंतर बघू. स्टुडिओचे हप्ते चालू आहेत, काम सोडवत नाही. काय करू? धाकटा भाऊ समजून अरे-तुरे केलंत तरी चालेल."

काम घे.

निवडणुकीचं काम म्हणजे चिखल, चांगल्या पोरानं त्यात पडू नये, असं मला अजिबात वाटत नाही. वॉर्डातून कोण उभं आहे, ती बाई काय बोलते, तिला आपल्या गल्लीतलं किती ठाऊक आहे, हे लोकांपर्यंत पोचवणं हे चांगलं काम आहे. कॅमेरा चालवता येणाऱ्या माणसाला ते इतरांपेक्षा नीट जमतं. पण दादांनी सांगितलेल्या तीन गोष्टींपैकी एकही त्यांनी सांगितली तशी करू नकोस.

क्लिपचं आधी बोलते, कारण त्यात सगळ्यात आधी तू अडकशील.

क्लिपमधलं बोलणं तू शब्दशः लिहून पाठवलंस ते बरं केलंस. मावशी म्हणतात, "मागच्या गल्लीतल्या गटारीचं काम यंदा होणार नाही. निधी मंजूर झालाय, तो हातात आला की पुढच्या मार्चच्या आत सुरू करू." दादांना "होणार नाही" या शब्दांवर कात्री हवी आहे. वर लाल अक्षरांत "ऐका, तुमच्या नगरसेविका काय म्हणतात!" असं हवंय. या क्लिपमधला प्रत्येक शब्द मावशींचाच असेल आणि तरी क्लिप खोटी असेल. बघणाऱ्याला वाटेल की त्यांनी काम नाकारलं. प्रत्यक्षात त्यांनी तारीख दिली होती. ती पाळली की नाही, हा वेगळा आणि रास्त प्रश्न आहे.

निवडणुकीच्या निकालावर परिणाम व्हावा म्हणून उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याबद्दल किंवा वर्तनाबद्दल जाणूनबुजून खोटं विधान करणं हा भारतीय न्याय संहितेच्या 175 व्या कलमाखाली गुन्हा आहे. बदनामीचं 356 वं कलम वेगळं. कापलेल्या क्लिपला यातलं नेमकं काय लागू होईल ते पोलीस आणि वकील बघतील. पण तक्रार झाली की पहिला प्रश्न येतो तो "एडिट कुणी केलं?" हाच. प्रोजेक्टची फाईल तुझ्या कॉम्प्युटरमध्ये असते. आणि तुमच्या गावाएवढ्या गावात तेवढं शोधायलाही लागणार नाही. लग्नाच्या व्हिडिओत वधू-वरांची नावं तू ज्या अक्षरवळणात टाकतोस, ते निम्म्या वॉर्डाच्या डोळ्यांत बसलेलं आहे.

दादांना कायदा सांगू नकोस, ते "आपण बघून घेऊ" म्हणतील. त्यांना एवढंच विचार: "सभा भर चौकात झाली, दहा जणांच्या फोनमध्ये पूर्ण क्लिप असणार. आपण चार सेकंदांची टाकली आणि संध्याकाळी त्यांनी वीस सेकंदांची टाकली, तर उरलेले दिवस आपण खुलासे करत बसायचं का?" हे त्यांना लगेच पटेल. मग पर्याय दे. क्लिप पूर्ण दाखवायची, खाली सभेची तारीख टाकायची आणि पुढच्याच शॉटमध्ये वहिनींनी त्या गटारीजवळ उभं राहून विचारायचं, "निधी मंजूर होता, मार्च येऊन गेला, मग काम कुठंय?" काम खरंच झालेलं नसेल, तर हा व्हिडिओ कापलेल्या क्लिपपेक्षा जास्त बोचतो आणि त्यात खोटं काहीही नाही. समोरच्याच्या कामावर, धोरणावर, मागच्या कारकिर्दीवर टीका करायला आदर्श आचारसंहितेची हरकत नाही. घरातलं, चारित्र्याचं, जातीधर्माचं काढायला आहे.

आता वहिनींकडे येऊ. खरं काम इथं आहे.

महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये महिलांचं आरक्षण 2011 मध्ये 33 टक्क्यांवरून 50 टक्क्यांवर गेलं. इतकी वर्षं झाली तरी फ्लेक्सवर बाईचा फोटो आणि फोन नंबर नवऱ्याचा, हे आपण सगळेच पाहतो. दादा वाईट मनाचे आहेत असं मी म्हणत नाही. त्यांना मनापासून वाटत असेल की गावात आपलं नाव आहे, तर तेच चालवावं. पण नुसता प्रचार म्हणून पाहिलं तरी हे चुकतं. नगरपंचायतीत 17 वॉर्ड. एकेका वॉर्डात फार तर हजार-बाराशे मतदार. त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांना दादा तोंडओळखीने माहीत आहेत. गाडीतून उतरणारे दादा दाखवून तू त्यांना नवीन काय सांगणार? मतदाराला, आणि बाईमाणसाला तर जास्तच, जे माहीत नाही ते हे: नळाला पाणी आलं नाही म्हणून मी फोन केला तर ही बाई स्वतः उचलेल का? उचलून स्वतः बोलेल, की "थांबा हं, यांना देते" म्हणेल? तुझ्या सगळ्या व्हिडिओंनी मिळून एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर दिलं तरी पैसे वसूल झाले.

म्हणून पहिल्या दिवशी कॅमेरा नेऊच नकोस. वहिनींकडे जा आणि त्यांना बोलतं कर. पाणी किती वाजता येतं, किती दिवसांनी येतं, घंटागाडी कुठल्या गल्लीत वळत नाही, रात्री कुठल्या खांबावरचा दिवा बंद असतो, बचत गटात बायका काय बोलतात, हे विचार. त्या लिहून दिलेलं भाषण वाचतात तेव्हा अडखळतात असं तू लिहिलंस. कोण अडखळणार नाही? ते भाषण त्यांचं नाहीच. पाण्याच्या टाकीबद्दल विचारल्यावर मात्र त्या अडखळणार नाहीत, कारण हंडा त्यांनीच उचललेला आहे.

तेव्हा दादा शेजारी बसलेले असतील तर हे जमायचं नाही. प्रत्येक वाक्यानंतर वहिनींची नजर त्यांच्याकडे जाईल, आणि कॅमेऱ्यात बाकी काही नाही तरी ती नजर नेमकी दिसते. त्यांना खोलीतून घालवू नकोस, त्यांच्याकडे काम सोपव. वॉर्डातल्या रखडलेल्या कामांचे कागद, नगरपंचायतीत दिलेले अर्ज, त्यांच्या पोचपावत्या, जुने फोटो हे सगळं जमवून द्यायला सांग. हे काम खरंच लागणार आहे आणि त्यांच्याएवढं कुणालाच जमणार नाही.

शूट करताना एका व्हिडिओत एकच विषय घे. पाण्याचा व्हिडिओ पाण्यापाशी, दिव्याचा त्या बंद खांबाखाली तिन्हीसांजेला. चाळीस-पंचेचाळीस सेकंदांच्या पुढे जाऊ नकोस. सुरुवातीला नाव, चिन्ह, पक्षाचं गाणं काही नको, वहिनींच्या वाक्यानेच सुरू कर. "आमच्या गल्लीत पाणी येतंया पहाटं चारला, त्ये बी दिवसाआड." हे "येतंया" तसंच राहू दे. दादा म्हणतील की शुद्ध बोलायला लाव. लावू नकोस. त्या वॉर्डात सगळे तसंच बोलतात, आणि शुद्ध बोलायला लावलेली बाई पुन्हा अडखळू लागते. कॅमेऱ्याशेजारी त्यांच्या ओळखीच्या एखाद्या मावशी-काकूंना उभं कर आणि त्यांच्याशी बोलू दे. फक्त शेवटचं वाक्य, जे वचन आहे ते, थेट कॅमेऱ्यात बघून.

त्या वचनाकडे नीट लक्ष दे, कारण इथंच बहुतेक प्रचार व्हिडिओ पोकळ होतात. नगरसेविकेच्या हातात काय असतं? गटार, दिवाबत्ती, कचरा, गल्लीतला रस्ता, नळाचं पाणी यांचा पाठपुरावा, सभेत प्रश्न मांडणं, ठरावावर मत देणं. पोरांना नोकऱ्या लावणं तिच्या हातात नसतं, कर्जमाफी नसते. चोवीस तास पाणी एकट्या नगरसेविकेच्या शब्दावर येत नाही. "पाण्याची वेळ बदलायचा विषय मी सभेत मांडीन, आणि काय उत्तर मिळालं ते गल्लीत येऊन सांगीन", असं वाक्य असेल तर ते पाळता येतं. आणि न पाळलं तर लोक तोच व्हिडिओ पुढं करून जाब विचारू शकतात. असा व्हिडिओ केलास तर तो निवडणुकीनंतरही वॉर्डाच्या उपयोगी पडतो. दादांना याचीच धास्ती वाटेल. वहिनींना विचार, त्यांना वाटते का.

तांत्रिक बाजू तुला येते, पण लग्नाच्या शूटला आवाजाची फार गरज नसते, गाणं टाकलं की भागतं. इथं आवाज हाच माल आहे. कॉलर माईक घे. तो पदरावर लावू नकोस, पदर हलला की घासल्याचा आवाज येतो. पदर ज्या खांद्यावर आहे त्याच्या दुसऱ्या बाजूला, ब्लाऊजच्या गळ्याशी लाव, मंगळसूत्र त्यावर आपटत नाही ना ते बघ, आणि बांगड्या वाजत असतील तर बोलताना हात खाली ठेवायला सांग. माईक लावायला त्यांच्या घरातल्या एखाद्या मुलीला घे, तुलाही अवघडायला नको आणि त्यांनाही नको. इअरफोन घालून तिथल्या तिथे ऐक. कोंबडा आरवलेला चालतो, शेजारची गिरणी चालत नाही. बोलणं संपलं की त्याच जागी वीसेक सेकंद नुसता आसपासचा आवाज घेऊन ठेव, कापाकापी झाकायला लागतो.

व्हिडिओ उभाच घे, लोक फोन आडवा करत नाहीत. बोललेलं मराठीत मोठ्या अक्षरांत खाली उमटू दे, कारण बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात. पण अक्षरं अगदी तळाशी नकोत, तिथं रील्सची बटणं आणि नावं येतात. ज्यांना वाचता येत नाही त्या आज्यांसाठी आवाज आहेच.

आणि एक गोष्ट मला विशेष सांगायची आहे. पहाटे चारला पाणी भरणाऱ्या बायका गाऊनवर असतात, केस विस्कटलेले, डोळ्यांवर झोप. "रिअल वाटेल" म्हणून त्यांच्यावर कॅमेरा लावू नकोस. ओळीने मांडलेले हंडे घे, नळाची बारीक धार घे, कळशी उचलणारे हात घे. चेहरा हवा असेल तर दिवसा त्यांच्या घरी जा, कशासाठी आहे ते सांग, आणि "कुठल्या उमेदवाराच्या व्हिडिओत दिसायला तुमची हरकत नाही ना?" असं स्पष्ट विचार. वॉर्डात चेहरा दिसणं म्हणजे बाजू घेणं असतं, ते तिच्या घरातल्यांनाही निस्तरावं लागतं.

लहान मुलं मात्र कुणाच्याही परवानगीने नकोत. भारत निवडणूक आयोगाने 5 फेब्रुवारी 2024 रोजी राजकीय पक्षांना बजावलं आहे की प्रचारात मुलांना कुठल्याही स्वरूपात वापरायचं नाही. वहिनींच्या कडेवरचा भाचाही त्यात आला. सैनिकांचे फोटोही वापरायचे नाहीत असं आयोगाने पक्षांना सांगितलेलं आहे, म्हणून घरात कुणी फौजी असेल तर त्याचा वर्दीतला फोटो दूर ठेव. ग्रामदैवताच्या देवळात उभं राहून मत मागणं तर आचारसंहितेत सरळ बसत नाही. दादा नारळ फोडतील ते फोडू देत, तुझ्या व्हिडिओत ते नको.

आता सासऱ्यांचा आशीर्वाद.

मेलेल्या नेत्याला असं बोलतं करण्याचे प्रकार आपल्या देशात झाले आहेत. तमिळनाडूत 2024 च्या जानेवारीत तिथले माजी मुख्यमंत्री करुणानिधी यांचं एआयने बनवलेलं रूप एका जाहीर कार्यक्रमात पडद्यावर बोललं, त्यांना जाऊन तेव्हा पाच वर्षं उलटली होती. दादांनी तसलंच काही पाहिलं असणार. भारत निवडणूक आयोगाने 24 ऑक्टोबर 2025 रोजी पक्षांना सांगितलं, की असा कृत्रिम मजकूर असेल तर दिसणाऱ्या भागाच्या किमान 10 टक्के जागेत तसं ठळक लिहायचं, नुसता आवाज असेल तर सुरुवातीच्या 10 टक्के वेळात तसं सांगायचं. तुमची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, म्हणून ही सूचना आपल्याला लागू नाही अशी पळवाट कुणी सुचवेल. तिच्या नादी लागू नकोस, समाजमाध्यमांनाही आता कृत्रिम मजकुरावर खूण करणं भाग आहे.

पण समज, मोठ्या अक्षरांत "हा व्हिडिओ एआयने बनवला आहे" असं लिहिलं, नियमात सगळं बसलं, तरी माझं मत नाहीच आहे. त्या माणसाने सुनेबद्दल हे शब्द कधी उच्चारलेले नाहीत. त्यांच्याबरोबर पारावर बसलेली माणसं वॉर्डात अजून आहेत, त्यांचा खरा आवाज त्यांच्या कानांत आहे. दादांची बहीण असेल, आई असेल, तिला आपला माणूस असा हलताना बघून काय वाटेल हे कुणी विचारलंय का? तिला विचारल्याशिवाय ही गोष्ट पुढे नेऊच नकोस. आणि वहिनींच्याच बाजूने बोलायचं तर, ज्या बाईला स्वतःच्या पायावर उभी आहे हे दाखवायचंय, तिच्या डोक्यावर आणखी एका पुरुषाचा हात कशाला ठेवायचा?

त्याऐवजी वहिनींच्या हातात सासऱ्यांचा जुना फोटो दे आणि आठवण सांगायला सांग. सरपंच असताना लोक रात्री-अपरात्री दारात यायचे तेव्हा चहा कुणी टाकला, कुणाचं गाऱ्हाणं त्यांनी ऐकलं. सुनेला अशा गोष्टी माहीत असतात, त्या तिने घरात उभं राहून ऐकलेल्या असतात. यातला एखादा प्रसंग खरा निघाला तर तुझा सगळ्यात चांगला व्हिडिओ तोच होईल. एआय वापरायचंच असेल तर आवाजातली खरखर काढायला वापर, खालच्या अक्षरांचा कच्चा मसुदा करायला वापर, आणि मग शुद्धलेखन हाताने तपास. वहिनींचा आवाज "सुधारायला" मात्र नको.

म्युझिकबद्दल थोडक्यात. चित्रपटातल्या गाण्याची चाल उचलून त्यावर उमेदवाराचं नाव बसवू नकोस. हक्क दुसऱ्याचे असतात, आणि ऐन प्रचारात फेसबुकने आवाज बंद केला तर रडायची पाळी. गावातल्या हलगीवाल्यांना बोलाव, त्यांचे पैसे दे आणि स्वतः रेकॉर्ड कर. ड्रोनही सोड. गल्लीतली गटार आकाशातून दिसत नाही, शिवाय परवानग्यांचा ताप वेगळाच.

व्हिडिओ फिरणार व्हॉट्सॲपवर. तिथं 2018 पासून भारतात एक मेसेज एका वेळी पाचच जणांना किंवा ग्रुपना पुढे पाठवता येतो, आणि खूप वेळा पुढे गेलेला असेल तर 2020 पासून एकालाच. म्हणजे एक बटण दाबलं आणि गाव व्यापलं, असं होत नाही. लोकांना तो आपणहून स्टेटसला ठेवावासा वाटला पाहिजे. कुणी "पाच हजार नंबर देतो" म्हणत आलं तर घेऊ नका, ते नंबर लोकांना न विचारता गोळा केलेले असतात. फेसबुकवर पैसे भरून जाहिरात करायची गरज हजार मतदारांच्या वॉर्डात मला दिसत नाही. करायचीच असेल तर राजकीय जाहिरातीसाठी ओळख पटवून "पैसे कुणी दिले" हे दाखवावं लागतं, त्यात दिवस जातात. ते वहिनींच्या खात्यावरून करा, तुझ्या स्टुडिओच्या पेजवरून नको.

कागदपत्रांचं तू विचारलं नाहीस, पण ते तुझ्या पैशांशी जोडलेलं आहे म्हणून सांगते. स्थानिक निवडणुकांसाठीही राज्य निवडणूक आयोगाचा जाहिरात प्रमाणनाचा आदेश आहे. जिल्हा पातळीवर समिती असते, ती जाहिरात आधी पाहून प्रमाणपत्र देते. कुठला व्हिडिओ जाहिरातीत मोडतो आणि कुठला नाही, हे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात जाऊन वहिनींच्या प्रतिनिधीने विचारून घ्यावं. तुझ्याकडून व्हिडिओ आणि त्यातल्या बोलण्याचा लेखी उतारा लागेल, म्हणून अर्ज किती दिवस आधी द्यावा लागतो ते तिथंच विचार आणि प्रकाशित करायच्या दिवसाआधी तेवढे दिवस हाताशी ठेव. प्रचार कधी थांबवायचा ती वेळही तिथूनच लेखी घे. विधानसभेला 48 तास होते म्हणून इथंही तेवढेच, असं धरून चालू नकोस.

आणि खर्च. 2025 मध्ये आयोगाने ठरवलेली मर्यादा नगरपंचायतीच्या सदस्यपदासाठी 2 लाख 25 हजार रुपये आहे. तुझं बिल त्यात धरलं जातं, आणि तू मैत्रीखातर फुकट केलंस तरी बाजारभावाने रक्कम लावली जाऊ शकते. निकालानंतर 30 दिवसांत उमेदवाराला हिशोब द्यावाच लागतो, नाही दिला तर अपात्र ठरण्याची वेळ येते. दादांच्या "निकालानंतर बघू"ला तुझं उत्तर हेच: "दादा, हिशोबाला तुम्हालाच माझं बिल लागणार आहे. रोजच्या रोज खर्च दाखवायचा तर पैसेही तसेच द्यायला हवेत." भीक मागितल्यासारखं वाटणार नाही, आणि बोलणं खरंही आहे. हरलेला उमेदवार निकालानंतर फोन उचलत नाही, जिंकलेला मिरवणुकीत असतो. तुझे हप्ते दोन्हीकडे थांबत नाहीत.

तर निम्मे पैसे शूटच्या आधी, उरलेले व्हिडिओ देत जाशील तसतसे, सगळे बँकेतून. एक साधा कागद कर. व्हिडिओ किती, प्रत्येकात बदल किती वेळा, मूळ शूट कुणाकडे राहणार, अर्धवट थांबलं तर काय. त्यात एक ओळ माझ्या सांगण्यावरून घाल: वहिनींनी स्वतः पाहून हो म्हटल्याशिवाय एकही व्हिडिओ बाहेर जाणार नाही. खाली सही वहिनींची, उमेदवार त्या आहेत.

मावशींचं काय करायचं? आईला आज सांग, उद्या नको. मग मावशींकडे स्वतः जाऊन सांग, "मावशी, समोरचं काम घेतलंय, माझा धंदा आहे. तुमच्या कामाबद्दल प्रश्न विचारले जातील, तुमच्याबद्दल खोटं काही माझ्या हातून जाणार नाही." त्या रागावतील, चहाही विचारणार नाहीत कदाचित. तरी हे त्यांना दुसऱ्या कुणाच्या फोनवर कळण्यापेक्षा तुझ्या तोंडून कळलेलं बरं. त्यांनी "मग माझेही कर" म्हटलं तर नम्रपणे नाही म्हण. एकाच निवडणुकीत दोन्ही घरांतलं बोलणं तुझ्या मेमरी कार्डात असणं कुणालाच सोसायचं नाही.

राहता राहिलं, दादांनी काहीच ऐकलं नाही तर. वहिनींच्या ऐवजी तेच दिसायला हवेत, एवढ्यावर अडलं तर थोडं सोस. एखाद्या व्हिडिओत दोघांना शेजारी बसव, बोलणं वहिनींचं ठेव. पण कापलेली क्लिप किंवा बोलणारे सासरे यावर अडले, तर काम सोड. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते, आणि त्या वॉर्डातली दोन्हीकडची लग्नं तुझ्याकडेच येणार आहेत. सोडताना शूट झालेल्या दिवसांचे पैसे कापून उरलेली आगाऊ रक्कम बँकेतूनच परत कर. हेही त्या कागदात आधीच लिहून ठेव.